बंद पडणे म्हणजे बिघडणे नव्हे

घरातील एखादे उपकरण बंद पडले की ते बिघडले, असे आपण सहज धरून चालतो. कोरीटसारख्या गावी त्याचा अर्थ असा की उपकरण पिशवीत घालून नंदुरबारला न्यावयाचे, दुकानात ठेवावयाचे आणि काही दिवसांनी पुन्हा आणावयास जायचे. दोन खेपांचे भाडे व बुडालेली मजुरी यांची बेरीज कित्येकदा दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक भरते. मग मिक्सर माळ्यावर जाऊन पडतो आणि घरातील बाईच्या हाती पुन्हा पाटा-वरवंटा येतो. हा भार पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगा आहे. निवासी शाळेत पंखे, पाण्याचा पंप, इस्त्री, स्वयंपाकघरातील शेगड्या व कुकर यांना विश्रांती अशी नसतेच. त्यांची निगा राखताना जे उपयोगी ठरते, ते विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या हाती द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उपकरणे बंद पडण्याची नेहमीची कारणे तीन : मळ, ढिलेपणा आणि झीज. धूळ व तेलकटपणा साचतो, जोडणीतील स्क्रू सैल होतो, अथवा मुळातच झिजण्यासाठी बसविलेला एखादा स्वस्त भाग झिजून जातो. या तिन्हींचा शोध डोळ्यांनी, कानांनी व नाकाने घेता येतो. हत्यार हाती घेण्यापूर्वी उपकरण काय करते आहे हे नीट पाहणे, ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

त्याही आधी एक नियम आहे व त्याला अपवाद नाही. उपकरण उघडण्यापूर्वी त्याचा प्लग सॉकेटमधून बाहेर काढलाच पाहिजे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. कारण जोडणी उलटी झालेली असेल, तर बटण बंद असतानाही उपकरणाच्या आत २३० व्होल्टचा दाब राहू शकतो. छताच्या पंख्याला प्लग नसतो, म्हणून तेथे मुख्य स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. आणि तो टेस्टर चालतो की नाही, हे चालू सॉकेटवर आधी पाहून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब ठेवली आहे ती यासाठी, की प्लग लावताना ती सर्वांआधी जोडली जावी व काढताना सर्वांत शेवटी सुटावी. ती कापून टाकणे म्हणजे स्वतःचे संरक्षण कापून टाकणे होय. घरात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविला असेल, तर जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात तेवढा फरक पडताच तो वीज तोडतो. दुरुस्तीवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा.

आता पंखा पाहू. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, किंवा काठीने ढकलल्यावर हळूहळू फिरू लागतो, असे झाले की मोटार जळाली असा समज होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. मोटारीला सुरुवातीचा फेर देण्याचे काम तो करतो. त्याची क्षमता घटली की पंखा मंदावतो. छताच्या पंख्यांत साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तरीही जुन्यावर छापलेला आकडा पाहून तेवढ्याच क्षमतेचा नवा आणावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतो, म्हणून त्याच्या उघड्या टोकांना हात लावू नये. पंखा फिरताना घरघर येत असेल, तर मात्र दोष बेअरिंगचा समजावा.

मिक्सर चटणी वाटताना एकाएकी थांबला तर त्याच्या तळाशी असलेले लहान बटण पाहावे. भार फार झाला की मोटार जळू नये म्हणून ते आपोआप बाहेर येते. भांडे थोडे रिकामे करावे, मोटार थंड होऊ द्यावी आणि मग ते बटण आत दाबावे. मोटार फिरते पण पाते फिरत नाही, तर भांड्याखालील कपलर झिजला आहे. आत ठिणग्या फार दिसत असतील, तर कार्बन ब्रश संपत आले आहेत; ते दोन्ही एकदमच बदलावेत.

हिवाळ्यात पाणी तापविण्याचा रॉड घरोघरी निघतो. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेतो. लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणून ते तापते, काळे पडते व वितळते. रॉडला १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घालणारा मनुष्य इशारा देणाऱ्याचेच तोंड बांधतो. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहणे जिवावर बेतते. आधी प्लग काढावा आणि मगच पाण्याला हात लावावा.

कुकरची शिट्टी होत नसेल तर रबरी रिंग कडक किंवा सैल झाली आहे का, हे पाहावे. शिट्टीखालची नळी रोज उजेडाकडे धरून मोकळी असल्याची खात्री करावी. पाणी आटले की सेफ्टी व्हॉल्व्हमधील धातू वितळतो व वाफेला वाट मिळते; तो त्याच बनावटीचा नवा बसवावा, दुसरे काही ठोकून छिद्र बुजवू नये. गॅसची ज्योत पिवळी येऊन भांडी काळी होत असतील, तर बर्नर थंड असताना त्याची छिद्रे पिनेने साफ करावीत. गळतीची शंका आल्यास नळीवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी कधीही ओढू नये.

कशाला हात लावू नये, हे जाणणेही याच विद्येचा भाग आहे. मायक्रोवेव्ह, फ्रिजची गॅसवाहिनी, गॅसचा रेग्युलेटर आणि वीजमीटर ही जाणकाराचीच कामे आहेत. फ्रिजच्या बाबतीत दाराची रबरी कड पुसणे व मागील जाळीवरची धूळ झाडणे इतकेच आपले काम.

ही विद्या शाळेत शिकविता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून आकारास आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले-मुली आठवड्यातील एक दिवस हाताने काम करून शिकतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. गावाला लागणारी सेवा हाच तेथे धडा असतो.

यात पैशांच्या बचतीहून मोठी गोष्ट सामावली आहे. हाताने काम करणाऱ्यास ज्ञानापासून आणि ज्ञान असणाऱ्यास हाताच्या कामापासून दूर ठेवण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. स्वयंपाकघरातील यंत्रे चालविणारी स्त्री, पण ती उघडणारा पुरुष, हीही त्याच रीतीची एक फांदी. ज्या मुलीला पंखा का मंदावतो हे कळते, ती ‘हे आपले काम नव्हे’ असे सहसा म्हणणार नाही. कारण शोधण्याची ही सवय तिला यंत्रांपुरतीच राहत नाही.

ग्राहकांना दुरुस्तीविषयीची माहिती मिळावी यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. तरी पहिली सोय घरातच करावयाची आहे. एक टेस्टर, दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक पक्कड, इन्शुलेशन टेप आणि एक वही, एवढे साहित्य पुरे. वहीत उपकरणाचे नाव, घेतल्याची तारीख, हमीची मुदत, झालेला दोष व बदललेला भाग लिहीत जावे. हमी शिल्लक असेल तोवर उपकरण स्वतः उघडू नये. ती संपल्यावर मात्र माळ्यावर टाकण्यापूर्वी वही उघडून तीन प्रश्न विचारावेत : मळ आहे का, काही ढिले आहे का, काही झिजले आहे का?