ड्रिल नंतर, बॅटरी आधी

कॉर्डलेस ड्रिल घेताना आपण मोटर, टॉर्क, चक बघतो; बॅटरीची किंमत बघत नाही. खरं तर उलट करावं. मोटर वर्षानुवर्षं टिकते, लिथियम-आयन सेल मात्र न वापरताही म्हातारे होतात, आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या ड्रिलला बसत नाही. म्हणून सुट्या बॅटरीची किंमत आणि त्याच बॅटरीवर चालणारी इतर यंत्रं आधी तपासा. ‘२० व्होल्ट मॅक्स’ला भुलू नका: १८ व्होल्टच्या पॅकमध्येही ३.६ व्होल्टचे तेच पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. २० हा पूर्ण चार्जचा आकडा.

कुणी म्हणेल, स्वस्त डुप्लिकेट बॅटरी आहेच की! आहे, पण आतले सेल जास्त करंट देणारे आहेत का, संरक्षण सर्किट धड आहे का, हे बाहेरून कळत नाही. सेल बदलून घेणं जास्त पटतं, कारण अनेकदा एकच सेल बसलेला असतो आणि पॅक बंद पडतो. मात्र पाचही सेल एकसारखे नवे हवेत, जोडणी स्पॉट वेल्डिंगची; सोल्डरच्या उष्णतेने सेल बिघडतो. आणि वर्षातून चारदा भिंतीला भोक पाडायचं असेल, तर वायरवालं हॅमर ड्रिलच घ्या.