ईरी सरोवरातील पाणसाप

ईरी सरोवरातील पाणसाप (शास्त्रीय नाव: नेरोडिया सिपेडॉन इन्सुलारम) ही उत्तर अमेरिकेतील एका बिनविषारी सापाची उपजाती आहे. अमेरिकेचे ओहायो राज्य व कॅनडाचा ऑन्टारियो प्रांत यांच्यामधील ईरी सरोवराच्या पश्चिम भागातील बेटांवर ती आढळते. महाराष्ट्रातील पाणदिवड (विरोळा) याच उपकुळातील असली, तरी तिचा वंश निराळा आहे.

रंगभेद

मुख्य भूमीवरील पाणसापांच्या अंगावर ठळक गडद पट्टे असतात. दलदलीतील गवतात व ऊनसावलीत या पट्ट्यांमुळे सापाचा आकार चटकन ओळखू येत नाही. बेटांचे किनारे मात्र फिकट चुनखडकाचे आहेत. तेथील बरेच साप पट्टेविरहित, राखाडी असतात. काहींवर पुसट पट्टे दिसतात, तर काही पूर्णपणे पट्टेरी असतात. एकाच मादीची पिल्लेही भिन्न रूपांची असू शकतात; त्यामुळे केवळ रंगावरून या सापांच्या वेगळ्या जाती मानणे चुकीचे ठरते.

जोसेफ कॅमिन व पॉल अर्लिक यांनी 1958 मध्ये या सापांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. बेटांवरील माद्यांना झालेल्या पिल्लांची त्यांनी तेथीलच प्रौढ सापांशी तुलना केली. पिल्लांमध्ये पट्टेरी सापांचे प्रमाण अधिक, तर प्रौढांमध्ये पट्टेविरहितांचे अधिक आढळले. याचा अर्थ, वाढीच्या काळात पट्टेरी पिल्ले अधिक संख्येने मरत होती. फिकट खडकावर ती पक्ष्यांच्या नजरेत सहज भरतात, हे त्याचे कारण.

असे असूनही पट्टे नाहीसे का होत नाहीत, हा या विषयातील खरा रंजक प्रश्न आहे. मुख्य भूमीवरील काही साप पोहत बेटांवर येतात, तेथील सापांशी त्यांचा संकर होतो व पट्ट्यांची जनुके पुन्हा मिसळतात. नैसर्गिक निवड जे वगळते, ते स्थलांतर परत आणते.

संरक्षण

निरुपद्रवी असूनही भीतीपोटी हे साप मोठ्या संख्येने मारले गेले. किनाऱ्यांवरील बांधकामांनी त्यांचा अधिवासही घटला. अमेरिकेने 1999 मध्ये या उपजातीला संकटग्रस्त म्हणून कायदेशीर संरक्षण दिले. पुढे संख्या सावरल्याने 2011 मध्ये तिचे नाव त्या यादीतून काढण्यात आले. या सुधारणेला हातभार लावला तो गोल गोबी या परक्या माशाने. 1990 च्या दशकात सरोवरात पसरलेल्या या उपद्रवी माशाचा सापांच्या आहारातील वाटा 90 टक्क्यांहून अधिक झाला.