बाबांचे सहा मैल

आमच्या नातवाला गेल्या वर्षीपासून एका नव्या खेळाचे वेड लागले आहे. जिओकॅशिंग त्याचे नाव. कोणी तरी एखादी डबी कठड्यामागे, झाडाच्या ढोलीत दडवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि इतरांनी मोबाइलच्या मदतीने ती हुडकून आतल्या वहीत सही करायची. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात एका गृहस्थाने रानात बादली पुरली आणि ही टूम जगभर पसरली.

मी म्हटले, "अरे, तुझ्या डब्यांहून किती तरी जुन्या वस्तू आपल्या रस्त्यांत दडल्या आहेत. चल, त्या शोधू."

त्या वस्तू म्हणजे इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड. फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले. हे चर्च १७१८ च्या नाताळात उघडले. चर्चगेट हे नाव त्याच्यामुळेच पडले. १८३७ साली ते कॅथीड्रल झाले, पण दगडांवर कोरले आहे 'चर्च'च. यावरून त्यांच्या वयाचा अंदाज वाचकांनीच करावा! अंक सारे रोमन. पुढे रस्त्यांवर थरावर थर चढले, फुटपाथ उंचावले आणि दगड गळ्यापर्यंत बुडाले. कित्येकांचे नुसते टाळके वर उरले होते. अलीकडे महापालिकेने त्यांतले काही उकरून वर काढले.

खरे सांगायचे तर मला साऱ्या दगडांशी कर्तव्य नव्हते. मला हवा होता सहावा.

आमचे बाबा फोर्टात कारकून होते. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, त्याच्या आधीची ही गोष्ट. महिनाअखेरीस ट्रामचे पैसे वाचवायला बाबा चालत घरी येत. दारात चपला काढताना म्हणत, "सहा मैल झाले. बरोबर सहा."

आई म्हणे, "टेप घेऊन गेला होतात वाटतं!"

आम्ही पोरे फिदीफिदी हसत असू. पुढे घरात कोणी फुशारकी मारली, की 'हे बाबांचे सहा मैल' अशी म्हणच पडली. बाबांनी कधी खुलासा केला नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही आजोबा-नातू चर्चच्या दारातून निघालो. भायखळ्याला चहा झाला. लालबागच्या चिवडा गल्लीत पुडी घेतली. परळला माझे गुडघे बोलू लागले.

"आजोबा, बसने जाऊ या ना."

"नाही रे. आज नाही."

आणि मग दादरला, डॉ. आंबेडकर रस्त्याच्या कडेला, पूर्वीच्या चित्रा टॉकीजच्या भागात, तो दिसला. रोमन सहा.

"सही कुठे करायची?" नातवाने विचारले. वही कुठली असायला! मी दगडावर नुसता हात ठेवला. उन्हाने तो तापला होता.

सहा मैल म्हणजे आजचे साडेनऊ किलोमीटरांहून थोडे अधिक. तिथून आमची जुनी चाळ आणखी शंभरएक पावले. ती पावले बाबा धरत नसत.