एक कॅमेरा, दोन कामं

मागच्या व्याख्यानात आपण माउंटपर्यंत आलो होतो. आज कॅमेरा. चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, सहा इंची न्यूटोनियन आहे, विषुववृत्तीय माउंट आहे, पैसे मात्र एकाच कॅमेऱ्यापुरते साठलेत. गाइडिंगचा घेऊ की ग्रहांचा?" साठवलेले पैसे आहेत, तेव्हा "दोन्ही घ्या" हे उत्तर देण्यात काही अर्थ नाही.

आधी गाइडिंग. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद, आपल्या जुन्या शब्दात विकला, सरकतं. माउंट त्यामागे फिरतो, पण त्याचे दातेरी चाक काही परिपूर्ण नसतं. चारपाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारे लांबोडके होतात. म्हणून शेजारच्या छोट्या दुर्बिणीतून दुसरा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो, आणि तारा हलला की माउंटला सांगतो. म्हणजे बघा, हा कॅमेरा फोटो काढतच नाही, तो मोजतो. त्याचं चित्र कुणी जपून ठेवत नाही. एक-दोन सेकंदांनी एक फ्रेम पुरते. त्याहून घाई केली तर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत सुटतो. इथे वेग नको, मंद तारा दिसण्याची संवेदनशीलता हवी. मोनो म्हणजे कृष्णधवल सेन्सर इथे सरस, कारण पिक्सेलवर रंगीत गाळणी नसते, प्रकाश वाया जात नाही.

एक हिशोब लिहून घ्या. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, त्याला २०६ नं गुणा, नाभीय अंतरानं मिलिमीटरमध्ये भागा. एका पिक्सेलवर किती विकला पडतात ते मिळतं. ३.७५ मायक्रॉन आणि २०० मिलिमीटरची गाइड दुर्बीण घेतली तर उत्तर सुमारे ३.९. "एवढ्या जाड मापानं सूक्ष्म चूक कशी कळणार?" असं वाटेल. पण ताऱ्याचा ठिपका अनेक पिक्सेलवर पसरतो, आणि प्रकाशाच्या वाटणीवरून सॉफ्टवेअर त्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत काढतं. तेव्हा गाइडिंगसाठी महागडा सेन्सर लागत नाही.

ग्रहांचं मात्र वेगळंच. तिथे शत्रू माउंट नाही, वातावरण आहे. ओढ्याच्या तळाचा दगड पाण्यातून कसा दिसतो? क्षणात स्पष्ट, क्षणात विस्कटलेला. तर हजारो फ्रेम घ्यायच्या, त्यातल्या चांगल्या निवडायच्या, बाकीच्या टाकायच्या, आणि निवडलेल्या एकावर एक रचायच्या. म्हणून इथे वेग हाच मुद्दा. ६४० बाय ४८० चा तुकडा, सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे आठ बिटमध्ये सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट. यूएसबी २ इथे धापा टाकायला लागतं. यूएसबी ३ घ्या, आणि लॅपटॉपची डिस्कही तेवढी चपळ आहे का बघा.

"मग अर्धा तास रेकॉर्ड करत बसू" असं नाही चालत. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. तो ४५ विकला मोठा दिसत असेल तेव्हा मध्यावरचा तपशील मिनिटाला जवळजवळ पाव विकला सरकतो. आठ इंची दुर्बिणीची भेदनक्षमताच ०.५८ विकला, तेव्हा अडीच मिनिटांत तुमचा लाल डाग पुसट व्हायला लागतो. फिरणं भरून काढणारं सॉफ्टवेअर आहे, पण ते पुढचं प्रकरण.

मेगापिक्सेलच्या मोहात पडू नका. ४५ विकलांचा गुरू आठ इंची, २००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलवर जेमतेम दीडशे पिक्सेल रुंद येतो. उरलेला सेन्सर काळोखाचे फोटो काढतो. पिक्सेलच्या मायक्रॉनला पाचानं गुणलं की साधारण योग्य एफ-गुणोत्तर मिळतं. २.९ ला १४.५; म्हणजे एफ/५ च्या न्यूटोनियनला तीनपट बार्लो.

ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'मध्ये डेल्फीच्या सुरीचा उल्लेख आहे. लोहार कंजूषपणानं अनेक कामांना एकच सुरी करतात, निसर्ग तसं करत नाही, असं तो म्हणतो. एका साधनानं एकच काम करावं. आमच्या वर्गात यावर तास-तास वाद व्हायचे. पण इथे त्याचं म्हणणं तितकंसं लागू पडत नाही. ग्रहांच्या फ्रेम काही मिलिसेकंदांच्या. त्या नंतर संगणकावर जुळवल्या जातात, त्यांना गाइडिंग लागतच नाही. दोन्ही कामं एकाच वेळी कधी येत नाहीत, मग भांडण कसलं?

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझं उत्तर: ग्रहांचा घ्या. वेगवान कॅमेरा सावकाश चालवता येतो. जुना यूएसबी २ चा गाइड कॅमेरा वेगानं पळवता येत नाही. मोनो की रंगीत? मोनोला गाळण्या आणि त्यांचं चक्र लागतं, तो खर्च वेगळा. तो झेपत नसेल तर रंगीत, आयएमएक्स ४६२ सारख्या सेन्सरचा. गाइडिंगला मोनोपेक्षा थोडा उणा, पण तारा सापडतो. मात्र हा सेन्सर अवरक्त प्रकाशही भरपूर टिपतो, म्हणून रंगीत फोटोसाठी यूव्ही-आयआर कट फिल्टर त्याच खरेदीत धरा. आणि हो, फोटोचा मुख्य कॅमेरा तुमच्याकडे आहे ना? नसेल तर गाइडिंग करून फोटो कशानं काढणार, तो प्रश्न आधी.