पद्मपाणीपुढे ईझल

युरोपात तैलरंग शिकायची जुनी वाट ठरलेली होती. राफाएलच्या मॅडोनापुढे ईझल मांडायचं आणि ती जशीच्या तशी उतरवायची. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना मॅडोना कुठून मिळणार? त्यांना अजिंठ्याच्या भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी मिळाला.

१८६५मध्ये या शाळेत शिकवायला आलेले जॉन ग्रिफिथ्स १८७२च्या हिवाळ्यात विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला पोचले. मधली काही वर्षं वगळता १८८५पर्यंत हे हिवाळी मुक्काम चालले. सरकारी खर्चाने लेण्यांतल्या चित्रांच्या नकलांचे सुमारे तीनशे कॅनव्हास रंगले.

त्यांच्या आधी हेच काम एकट्याने केलं होतं मेजर रॉबर्ट गिल यांनी, १८४४पासून. त्यांच्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या.

ग्रिफिथ्स यांचं माप इटालियन होतं. सोळाव्या लेण्यातलं मरणोन्मुख राजकन्येचं चित्र पाहून त्यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: फ्लोरेन्सचा चित्रकार रेखाटन सरस करील, व्हेनिसचा रंग, पण भावना याहून उत्कट कुणालाच आणता येणार नाही. मला यात गुरूचीच परीक्षा झालेली दिसते.

विद्यार्थ्यांची परीक्षा वेगळी होती. अजिंठ्याची भिंत म्हणजे माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. रंग सुकलेला, चकाकी नाही. तैलरंगाचा स्वभाव उलटा. जवसाच्या तेलामुळे त्याला झळाळी येते, तो हळू वाळतो आणि वर्षं गेली की पिवळा पडतो. पद्मपाणीची झुकलेली भुवई घ्या. भिंतीवर ती एका दमात ओढलेली आहे. तेलात तीच ओढायची तर खालचा थर वाळेपर्यंत थांबायचं, नाहीतर रेघ त्यात फाकते. शिवाय रेघेचा रंग इतका सैल हवा की कुंचला अडखळणार नाही. छाया-प्रकाशाने गोलाई आणायला शिकलेल्या हाताला इथे रेघेवरच भिस्त ठेवावी लागे. पुस्तकातून हे येत नाही.

आणि एक पाप. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवरच व्हार्निश फिरवलं गेलं. ते पुढे काळवंडलं. १९२०च्या सुमारास निजाम सरकारला भिंती सावरायला लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलवावं लागलं, तेही इटलीहूनच.

नकलांचं नशीबही फारसं बरं नव्हतं. १८८५मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागली, तीत तिथे पाठवलेले पुष्कळ कॅनव्हास जळाले. उरलेले आज तिथल्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि भिंतीवरून काही गळून गेलेलं असेल तिथे अभ्यासकांना त्यांचाच आधार. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७मध्ये निघाला.

जतन म्हणून हा उद्योग निम्मा फसला. शाळा म्हणून मात्र फळला. त्या तुकडीतले पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) पुढे नावाजलेले तैलचित्रकार झाले. बोधिसत्त्वांवर हात बसलेल्या या माणसाने उरलेलं आयुष्य रंगवल्या त्या पारशी घरांतल्या बायका, म्हातारे आणि मुलं.