आलिशान गाड्यांची शर्यत: पहिला नंबर टिकता टिकत नाही!

भारतात विकल्या जाणाऱ्या दर शंभर मोटारींत आलिशान गाडी जेमतेम एक. पण या एका टक्क्यासाठीची चुरस मोठी रंगतदार आहे.

ऑडीची बाजी, मर्सिडीजची परतफेड
२०१३मध्ये ऑडीने भारतात १०,००२ गाड्या विकल्या. वर्षभरात दहा हजारांचा टप्पा ओलांडणारी ती देशातली पहिली आलिशान कंपनी. दोनच वर्षांत मर्सिडीजने १३,५०२ गाड्या विकून गादी परत मिळवली. २०२४मध्ये मर्सिडीज १९,५६५वर पोहोचली. ऑडी मात्र आदल्या वर्षीच्या ७,९३१वरून ५,८१६वर घसरली. गिऱ्हाईक होतं, पण सुट्या भागांचा पुरवठा अडला आणि द्यायला गाड्याच पुरेशा नव्हत्या.

मालक मागच्या सीटवर
आपल्याकडे सर्वाधिक खपणारी आलिशान गाडी म्हणजे मर्सिडीजची लांब ई-क्लास. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हाती, साहेब मागे, हे ओळखून कंपनीने २०१७मध्ये नेहमीच्या ई-क्लासपेक्षा पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १४ सेंटीमीटरने वाढवलेली गाडी इथे आणली. ती जवळपास सगळी जागा मागे बसणाऱ्याच्या पायांना मिळाली. या गाडीची जुळणी होते पुण्याजवळ चाकणला!

रेंज रोव्हर पुणेकर झाली
रेंज रोव्हर पूर्वी फक्त इंग्लंडमध्ये तयार व्हायची. २०२४मध्ये तिची जुळणी पुण्यात सुरू झाली, आयात शुल्काचा भार हलका झाला आणि किमती लाखोंनी उतरल्या. २०२४-२५मध्ये जग्वार लँड रोव्हरची भारतातली विक्री सुमारे ४० टक्क्यांनी वाढून ६,१८३ झाली.

एका एसयूव्हीची कमाल
लॅम्बोर्गिनीने २०१७मध्ये जगभरात ३,८१५ गाड्या विकल्या होत्या. मग उरुस ही एसयूव्ही आली आणि २०१९मध्ये आकडा थेट ८,२०५! खड्डे आणि स्पीडब्रेकरच्या आपल्या देशातही २०२३मध्ये या कंपनीने प्रथमच शंभरी गाठली: १०३ गाड्या.

चीनने दिलं, चीननेच नेलं
पोर्शेने २०२१मध्ये चीनमध्ये ९५,६७१ गाड्या विकल्या. २०२४मध्ये उरल्या ५६,८८७. तिथल्या स्वदेशी इलेक्ट्रिक गाड्यांनी आणि मंदावलेल्या बाजाराने घात केला. एकाच बाजारावर भिस्त ठेवणं किती महागात पडतं, याचा हा धडा.

कमी विका, जास्त कमवा
फेरारीने २०२४मध्ये अख्ख्या जगात फक्त १३,७५२ गाड्या दिल्या. मागणी कितीही असो, संख्या मुद्दाम आवरती ठेवायची, हेच तिचं धोरण. त्याच वर्षी नफा दीडशे कोटी युरोंच्या वर!

आकडे वाचताना जपून
मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब देतात, तर जग्वार लँड रोव्हर एप्रिल ते मार्चचा. बीएमडब्ल्यूच्या आकड्यात अनेकदा तिच्याच ‘मिनी’ ब्रँडच्या गाड्याही धरलेल्या असतात. त्यामुळे ‘आम्हीच अव्वल’ अशी जाहिरात दिसली, की आधी तीन गोष्टी तपासा: वर्ष कोणतं, बाजार कोणता आणि मोजल्या कोणत्या गाड्या. खरा विजेता त्यानंतरच ठरवा.