उंचीची पट्टी आणि आईचे गुडघे

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. मुलाच्या दर वाढदिवसाची एक. त्यांत एकच रेघ अवेळी आलेली दिसते, 'मे २०१२, ११८'. सिंगापूरहून आल्या रात्री बॅगा उघडायच्या आधी त्याने मला ती मारायला लावली. चुकून चार सेंटिमीटर जास्त निघतील, अशी त्याला आशा होती.

सात वर्षांचा होता तो. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्कमधल्या 'ममी' राइडच्या रांगेच्या तोंडाशी १२२ सेंटिमीटरची पट्टी असते, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. टाचा उचलून झाल्या, केस वर करून झाले. तिथल्या मुलीने हसून मान हलवली. पोराने आमच्याकडे जे पाहिलं ते काही मी विसरलेलो नाही. सहलीच्या माहितीपत्रकात रंगीत फोटो होते, जेवणात बटाट्याची भाजी मिळेल याची हमी होती, उंचीबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि आम्ही तरी कुठे विचारलं होतं? पार्क निवडायचं असतं, ही कल्पनाच नव्हती. टूरवाल्याने सकाळी अकराला गेटवर सोडलं, पाचला बसमध्ये हजर राहायला सांगितलं. मधले सहा तास आमचे.

ते सहा तास आम्ही एस्सेल वर्ल्डच्या हिशेबाने घालवले. १९८९ साली गोराईला ते सुरू झालं, तेव्हापासून माझ्या पिढीच्या डोक्यात एक गणित बसलंय: एकदा तिकीट काढलं की जितक्या राइड जास्त, तितकी एक राइड स्वस्त. त्यामुळे नकाशात डावीकडून पहिली दिसेल तिथून सुरुवात. ज्युरासिक पार्कच्या पाण्यात चिंब भिजलो. बाहेर पैसे टाकून उभ्याउभ्या वाळवून देणारं यंत्र होतं, त्यात शिरायला माझा जीव झाला नाही. उन्हात वाळलो. आई या सगळ्या वेळात बाकावर. दोन पाठपिशव्या, एक पर्स, तीन टोप्या आणि दशम्यांचा डबा सांभाळत. प्रत्येक राइडच्या बाहेरचा बाक तिने पाहिला. पार्क कसं वाटलं, असं विचारल्यावर म्हणाली, "बाकडी बरी आसत."

दोन वर्षांनी हाँगकाँगला स्वतःच्या स्वतः गेलो आणि मग पहिल्यांदा घरात मतदान झालं. डिस्नीलँड की ओशन पार्क? डिस्नीलँडच्या बाजूने एकच मुद्दा होता, पण तो दणकट होता: सोसायटीत विचारतील. हाँगकाँगला जाऊन डिस्नीलँड नाही बघितलं? परदेशातली निम्मी ठिकाणं आपण या एका प्रश्नाच्या भीतीने पाहतो, असं माझं मत आहे. फेंगशुईसाठी त्या डिस्नीलँडचा मुख्य दरवाजा १२ अंशांनी वळवला होता, हे वाचून आईला त्याच्याबद्दल आदरही वाटू लागला होता. पण तिथे दोघांनीच मजा करायची आणि आईने पुन्हा बाक गाठायचा, हे काही पटेना. ओशन पार्क १९७७ पासूनचं, डोंगराच्या दोन अंगांना पसरलेलं. एका अंगाकडून दुसरीकडे न्यायला दीड किलोमीटरचा रोपवे, खाली समुद्र. पाळण्यात बसायला उंची लागत नाही, गुडघेही लागत नाहीत. ॲडमिरल्टीहून बस पकडली आणि गेलो.

तिथे तेव्हा जिआ जिआ नावाची पांडा होती. वय ३६. पांडांमध्ये हे वय म्हणजे पणजीचंच, आणि दोन वर्षांनी ती गेलीसुद्धा. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. जिआ जिआ बसून बांबू सोलत होती आणि मध्येच थांबून, खायचं विसरल्यासारखी, समोर बघत होती. "माझ्यासारखी," आई म्हणाली. आम्ही हसलो. तिने मात्र थट्टा केलेली नव्हती.

२०१७ च्या युरोप सहलीत पॅरिसचं डिस्नीलँड 'ऐच्छिक' होतं. आम्ही इच्छा दाखवली नाही. पॅरिसला तीनच दिवस होते, त्यातला एक गावाबाहेर उंदरासाठी कशाला घालवायचा? सोसायटीने विचारलंच.

तोक्योला मात्र आमची निवड जमली. २०१९ साली. जपानची 'गोल्डन वीक'ची सुट्टी एप्रिलअखेरीस सुरू होते आणि आपल्या शाळांच्या सुट्टीच्या तोंडावर येते. त्या वर्षी तर सम्राट पायउतार होऊन नवे सम्राट गादीवर आल्यामुळे २७ एप्रिल ते ६ मे अशी सलग दहा दिवसांची सुट्टी लागली होती. विमानाचं तिकीट काढायच्या आधी दुसऱ्या देशाचं कॅलेंडर बघायचं, ही अक्कल एव्हाना आली होती. आम्ही मेच्या मध्यावर गेलो.

तिथे दोन पार्क शेजारीशेजारी: १९८३ चं डिस्नीलँड आणि २००१ चं डिस्नीसी. मुलगा चौदाचा झाला होता, वाद घालायला शिकला होता. त्याचा युक्तिवाद असा: डिस्नीलँडसारखं पार्क कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय कुठेही सापडेल, डिस्नीसी जगात एकच आहे. मग इथे येऊन दुसरीकडे मिळणारं कशाला घ्यायचं? मी पुण्याहून येताना नेहमी चितळेंची बाकरवडी आणतो, ती आता मुंबईत कोपऱ्यावर मिळते तरी. म्हणून मला उत्तर सुचलं नाही.

मधोमध ज्वालामुखी, भोवती बंदर, गोंडोले, जहाज. ज्वालामुखी मध्येच खरोखर धूर सोडतो. आईला जहाज आवडलं, कारण ते नुसतं जातं, आपटत नाही. तेव्हा फास्टपास फुकट होता. यंत्राला तिकीट दाखवायचं, एक चिठ्ठी बाहेर यायची, तिच्यावर वेळ. त्या वेळी या, रांगेत उभं राहू नका. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे, कारण तो प्रकार संपला. २०२२ पासून तिथे वेगळे पैसे मोजून रांग टाळता येते. पंढरीच्या वारीत मुखदर्शनाची आणि पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी असते, पण पैसे देऊन पुढे घुसणाऱ्याला बायका सोडत नाहीत. इथे सगळे निमूट बघत असतात.

एक चूक झालीच. 'सोअरिंग' नावाची नवी राइड सुरू होणार आहे, हे मुलाने वाचलं होतं. कधी, ते वाचलं नव्हतं. आम्ही परतल्यावर दोन महिन्यांनी, २३ जुलैला ती सुरू झाली. तेव्हापासून घरात नियम आहे: काय चालू आहे त्याआधी काय बंद आहे ते बघायचं.

मग कोविड. चौकटीवरच्या रेघाही तेव्हा थांबल्या, कारण मुलाची उंची माझ्यापुढे गेली आणि मला स्टूल लागू लागलं.

२०२३ च्या जूनमध्ये भाचीकडे कोपनहेगनला गेलो. तिथेही दोन पार्क. बाक्कन १५८३ पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं, गावाबाहेर झाडीत, आत जायला तिकीट नाही. टिवोली १८४३ चं, रेल्वे स्टेशनला लागून. आईचे गुडघे आता निकामी झाल्यात जमा होते. स्टेशनसमोर आहे म्हटल्यावर निवड संपली.

टिवोलीत आत जायचं तिकीट वेगळं, राइडचं वेगळं. पूर्वी डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांतही असंच होतं, ए ते ई अशी कुपनं, १९८२ पर्यंत. नुसतं आत जाऊन बसायचं तर नुसत्या बसण्याचे पैसे, ही गोष्ट मला फार आवडली. एस्सेल वर्ल्डचं गणित इथे लागूच होत नव्हतं. मुलगा १९१४ च्या लाकडी रोलर कोस्टरवर गेला. त्या गाडीत डब्यांच्या मध्ये एक माणूस बसतो आणि हाताने ब्रेक लावतो. एसटीच्या घाटातल्या ड्रायव्हरसारखा. मुलगा तीन वेळा गेला, एकदा फक्त त्या माणसाकडे बघायला.

आईसाठी बाक शोधत होतो, तेवढ्यात मोराने पिसारा मिटावा तसा एक पडदा मिटताना दिसला. मूकनाट्याचं जुनं थिएटर, उघड्यावरचं. आतल्या तिकिटात हे फुकट, उंचीची अट नाही, भाषेचीही नाही. पांढऱ्या तोंडाचा पिएरो नावाचा विदूषक मारही खातो आणि चोरूनही खातो. आई सिंधुदुर्गातली. लहानपणी देवळासमोर दशावतार बघत रात्री काढलेली. पिएरो दोनदा पडला आणि ती मोठ्याने म्हणाली, "अरे, ह्यो तर संकासूर!"

बसायला जागा होती. ती बसली नाही. शेवटी पिएरो एकटाच पुढे आला, तसा पोरांनी गलका केला. भाचीने सांगितलं, ती त्याला म्हणतायत, काहीतरी बोल. आई माझ्या दंडाचा आधार घेऊन उभी होती, पिशवी भाचीकडे देऊन.

"फाल्या परत असतलो काय रे ह्यो?" तिने विचारलं.

मुलाने फोन काढला आणि वेळापत्रक बघू लागला.